चरबीच्या कणांची मोजणी सिव्हिलमध्ये व्हायला हवी

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात ते उगीच नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय उभे केले. तेव्हापासून जत-आटपाडीचाच नव्हे, सीमेपलीकडच्या अथणी-जमखंडीचा माणूसही दुखणे वाढले की मिरजेची वाट धरतो. आज छातीत कळ आली तर अँजिओग्राफीपासून बायपासपर्यंत सगळे इथे होते. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते, त्यामुळे गरिबाच्या घरावर कर्जाचा डोंगर होत नाही. स्टेंटच्या किमतींवरही 2017 साली केंद्र सरकारने मर्यादा घातली. या गोष्टी चांगल्या झाल्या आणि त्या टिकल्या पाहिजेत.

पण अटॅक एका रात्रीत तयार होत नाही. धमनीच्या भिंतीत चरबी साचायला दहा-वीस वर्षे लागतात आणि त्या काळात माणसाच्या रक्तात काय चालले आहे हे पाहण्याची आपली व्यवस्था विचित्र रीतीने दुभंगली आहे. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या माणसांचे बीपी, शुगर आणि मुखाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात. रक्तातील चरबी या पहिल्या यादीत नाही. दुसरीकडे खासगी ‘ॲडव्हान्स्ड हार्ट पॅकेज’ आहे. त्यात तुमच्या एलडीएलचे, म्हणजे ज्याला लोक ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्याचे, कण लहान आहेत की मोठे, याचा रंगीत आलेख छापून मिळतो आणि त्यासाठी साध्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील चरबीच्या नेहमीच्या तपासणीच्या, कित्येक पट पैसे मोजावे लागतात. ज्याला परवडते तो नको ती गोष्ट विकत घेतो. ज्याला गरज आहे त्याची साधी बेरीज-वजाबाकीही कुणी करत नाही.

मी जैवरसायनशास्त्र शिकवतो. रक्तातील चरबीचे कण आकाराप्रमाणे वेगळे करण्याचे शास्त्र मला फार प्रिय आहे. म्हणूनच त्याचा असा बाजार झालेला पाहवत नाही. या शास्त्राने आपल्याला नेमके काय शिकवले, ते आधी सांगतो.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्तद्रव म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून शरीर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी) प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळते आणि त्यांचे बारीक कण करून रक्तात सोडते. हेच लिपोप्रोटीन. जेवणानंतर आतड्यातून येणारे कायलोमायक्रॉन सर्वांत मोठे, त्यांचा व्यास 75 नॅनोमीटरपासून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) हजाराच्याही पुढे जातो. यकृतातून निघणारे व्हीएलडीएल साधारण 30 ते 80 नॅनोमीटरचे, एलडीएल 18 ते 25 चे आणि ज्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते एचडीएल जेमतेम 5 ते 12 चे. कण जितका मोठा तितकी त्यात चरबी जास्त, आणि चरबी जास्त म्हणून तो हलका. या एका गुणावर सगळी विद्या उभी राहिली.

पलूस-भिलवडीकडचे विद्यार्थी वर्गात असले की मला हे समजावणे सोपे जाते. डेअरीतला क्रीम सेपरेटर त्यांनी पाहिलेला असतो. दूध जोरात फिरवले की जड भाग कडेला फेकला जातो आणि हलकी साय मध्याकडे जमून वेगळी निघते. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत जॉन गॉफमन आणि फ्रँक लिंडग्रेन यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस रक्ताचे नेमके हेच केले. फक्त त्यांचे यंत्र मिनिटाला पन्नास हजारांहून अधिक फेरे घेणारे होते. ते अल्ट्रासेंट्रिफ्यूज स्वीडनच्या थिओडोर स्वेडबर्ग यांनी प्रथिनांच्या अभ्यासासाठी घडवलेले. स्वेडबर्गना 1926 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. गॉफमनच्या गटाने रक्तद्रवात मीठ मिसळून त्याची घनता 1.063 पर्यंत नेली. इतका वेळ बुडणाऱ्या प्रथिनांत मिसळून जाणारे एलडीएल आता उलट दिशेने वर तरंगू लागले. त्यांच्या तरंगण्याच्या वेगावरून त्यांची प्रतवारी करता आली. 1950 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मांडले की एकूण कोलेस्टेरॉल किती आहे एवढ्याने भागत नाही, ते कोणत्या कणांतून वाहून नेले जात आहे हे पाहिले पाहिजे.

पुढे जे झाले ते आजच्या आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. गॉफमनचे म्हणणे तपासायला अमेरिकेत चार प्रयोगशाळांनी मिळून सुमारे पाच हजार पुरुषांचा अभ्यास केला. 1956 साली अहवाल आला तो दोन निष्कर्षांसह. बाकीच्या प्रयोगशाळा म्हणाल्या की एवढ्या महागड्या यंत्राने साध्या कोलेस्टेरॉलपेक्षा फारसे जास्त काही कळत नाही. गॉफमनच्या गटाने आपले वेगळे मत त्याच अहवालात नोंदवले. स्वस्त चाचणी जिंकली. मला वाटते, त्या वेळी लोकांच्या दृष्टीने तेच बरे झाले, कारण अल्ट्रासेंट्रिफ्यूज गावोगावी जाणार नव्हते. पण तेव्हापासून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही कणाला विसरले आणि कोलेस्टेरॉलचा आकडा धरून बसले. 1972 मध्ये फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी सूत्र दिले: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरले ते एलडीएल. आजही कित्येक रिपोर्टांवरचे एलडीएल हे मोजलेले नसून या वजाबाकीतून आलेले असते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की सूत्र चालत नाही, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ते डगमगू लागते.

आकाराचा प्रश्न पुन्हा वर आला तो बर्कलीतच. रोनाल्ड क्रॉस यांनी 1980 च्या दशकात जेल म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा थर वापरला, ज्याची वीण एका टोकाला सैल आणि दुसऱ्या टोकाकडे घट्ट होत जाते. विजेच्या दाबाने कण त्यात सरकतात आणि आपल्या आकाराला वाट मिळेनाशी झाली की तिथे अडकतात. या पद्धतीने दिसले की एलडीएल ही एकच वस्तू नाही, त्यात लहान-मोठे पोटप्रकार आहेत. 1988 मध्ये मेलिसा ऑस्टिन, क्रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांच्या रक्तात लहान, घट्ट एलडीएलचे प्राबल्य आहे त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट होता. जगभर खळबळ उडाली. आजची आकाराची पॅकेजे आपला धंदा त्याच शोधाच्या नावावर करतात.

भारतीयांसाठी हा शोध जिव्हाळ्याचा होता, यात शंका नाही. आपल्याकडे ठळक दिसणारे चित्र म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचा आकडा मात्र बेताचा. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढले की व्हीएलडीएल आपली चरबी एलडीएलला देतो आणि त्याच्याकडचे कोलेस्टेरॉल घेतो. मग यकृतातले विकर एलडीएलमधली ती नवी चरबी कुरतडते. उरतो तो कोलेस्टेरॉल कमी झालेला, आकसलेला, घट्ट कण. पोटाचा घेर, साखर, बसून राहणे, या सगळ्याची वाट इथून जाते. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात गेल्या पिढीत अंगमेहनत किती झपाट्याने उतरली ते आपण पाहतोच आहोत. विहिरीवरची मोटर चालू करायलाही आता शिवारात जावे लागत नाही, घरबसल्या मोबाईलवरून होते. ताट मात्र कष्टकऱ्याचेच राहिले.

मग आकार तपासणे योग्यच नाही का? इथेच खरी मेख आहे.

लहान कण असलेल्या माणसांत सहसा कणांची संख्याही जास्त असते, कारण तेवढेच कोलेस्टेरॉल वाहायला लहान कण जास्त लागतात. धोका आकारामुळे की संख्येमुळे, हे वेगळे करायला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजाव्या लागतात. अमेरिकेतील ‘मेसा’ या मोठ्या अभ्यासात ते केले गेले. 2007 साली त्यातून आलेला निष्कर्ष मानेतील धमनीच्या भिंतीच्या जाडीबद्दल होता. लहान एलडीएल आणि मोठे एलडीएल यांचा परस्परांशी असलेला संबंध हिशेबात धरला की दोन्ही प्रकार भिंत जाड होण्याशी जोडलेले निघाले आणि आकाराचे स्वतंत्र महत्त्व उरले नाही. शरीराच्या बाजूनेही हे पटते. साधारण 70 नॅनोमीटरपेक्षा लहान असा कोणताही कण धमनीच्या अस्तरातून आत शिरू शकतो. जिथे 70 चा कण शिरतो तिथे 19 चा आणि 22 चा यांत कसला भेद? किती कण दारावर धडका देतात, यावर आत किती अडकणार ते ठरते.

दुसरी अडचण मोजमापाची. जेलच्या पद्धतीत लहान कणांची सीमारेषा 25.5 नॅनोमीटर आहे, तर चुंबकीय अनुनादाच्या म्हणजे एनएमआरच्या पद्धतीत ती 20.5 आहे. कण तेच, पण दोन पद्धतींत त्यांच्या व्यासात पाच नॅनोमीटरचा फरक. संशोधकाला हे ठाऊक असते, तो एका पद्धतीचे आकडे दुसरीशी जुळवत बसत नाही. पण विट्याच्या व्यापाऱ्याने एका वर्षी एका कंपनीचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढला, तर त्याचे कण औषधाने मोठे झाले की यंत्र बदलल्याने मोठे दिसले, हे त्याला कोण सांगणार? आणि कण लहान निघाले म्हणून उपचार वेगळे होतात का? नाही. तीच कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, तेच वजन उतरवणे, तेच चालणे. ज्या चाचणीने निर्णय बदलत नाही तिचे पैसे रुग्णाकडून घेणे मला अनैतिक वाटते.

हे मी ताडून बोलत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हेल्थ डायग्नॉस्टिक लॅबोरेटरी या कंपनीने अशाच प्रगत रक्तचाचण्यांवर मोठा पसारा उभा केला होता. चाचण्या लिहून देण्यासाठी डॉक्टरांना पैसे दिल्याचा आरोप तिच्यावर झाला. 2015 साली तिने 4 कोटी 70 लाख डॉलर भरण्याचे कबूल करून ते प्रकरण मिटवले आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे या व्यवहाराला कट प्रॅक्टिस म्हणतात आणि 2017 साली महाराष्ट्र सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून पाहिला होता. तो कायदा आजही व्हायला हवा.

पण आकाराच्या पॅकेजांना नाही म्हणताना कणच विसरणे ही दुसरी चूक ठरेल. प्रत्येक एलडीएल कणावर अपोलिपोप्रोटीन बी-100 (थोडक्यात अपो-बी) या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. व्हीएलडीएलवर एक, त्याच्या अवशेषांवर एक. म्हणजे रक्तातले हे प्रथिन मोजले की धमनीला धोका देणाऱ्या सगळ्या कणांची मोजणी होते. त्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज नको, जेल नको, चुंबक नको. जिथे शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल तपासतात त्याच ऑटोॲनालायझरवर वेगळे रिएजंट म्हणजे चाचणीचे रसायन लावून अपो-बीची तपासणी होते. उपाशीपोटी येण्याचीही गरज नाही. पहाटे कवठेमहांकाळहून एसटीने निघून दुपारपर्यंत चहाविना रांगेत बसणाऱ्या मधुमेही बाईच्या दृष्टीने ही गोष्ट छोटी नाही. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, विशेषतः ट्रायग्लिसराइड जास्त असणारे, मधुमेही आणि स्थूल लोकांसाठी, अपो-बी मोजायला सांगितले. हे वर्णन वाचताना आपल्या ओपीडीतली रांगच डोळ्यांपुढे येते.

आणि अपो-बी येईपर्यंत? तोपर्यंत एक पैसाही न लागणारी गोष्ट आहे. समजा, पंचेचाळिशीच्या एका माणसाचा रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 260. सूत्राने एलडीएल निघते 104. घरचे म्हणतात, शंभराच्या आसपास आहे, कोलेस्टेरॉलही दोनशेच्या आत, काळजी नको. आता 190 मधून फक्त 34 वजा करा. उरले 156. एचडीएल सोडून बाकी सगळ्या कणांत मिळून असलेले हे कोलेस्टेरॉल, म्हणजे नॉन-एचडीएल. ते सर्वसाधारण माणसातही 130 च्या खाली असावे. 104 ने धीर दिला, 156 ने सावध केले. रक्त तेच आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नॉन-एचडीएलला महत्त्व दिले आहे. तरी आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांवर ही ओळच नसते, किंवा असते पण तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. प्रत्येक लिपिड रिपोर्टवर नॉन-एचडीएल ठळक छापणे बंधनकारक करा, ही माझी पहिली मागणी आहे. खासगी लॅबनेही ते आजपासून करावे, त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहू नये.

त्याच 2024 च्या तत्त्वांत लिपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी मोजा, असे म्हटले आहे. एलडीएलसारखाच, अटॅकचा धोका वाढवणारा हा कण नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी 1963 साली ओळखला. त्याचे प्रमाण मुख्यतः जन्मतः ठरते, आहाराने ते फारसे हलत नाही, म्हणून एकदा मोजले की बहुधा पुरे. ज्या घरात वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत अटॅकने गेली आहे, त्या घरातल्या तरुणांची ही एक चाचणी व्हायलाच हवी. अशी घरे प्रत्येक गावात आहेत आणि तिथे ‘आमच्यात हे असतंच’ म्हणून स्वीकारले जाते. ते तसे असेलही. पण मग त्याच घरातल्या मुलाचे बीपी, शुगर आणि एलडीएल जास्त कडकपणे आवरता येते, तंबाखू सोडण्याचा आग्रह जास्त नेटाने धरता येतो.

कण आकाराप्रमाणे वेगळे करण्याची जागा माझ्या मते संशोधनात आहे, आणि तिथे मात्र तिला हात आखडता न घेता पैसा द्यावा. वर उल्लेख केलेल्या मेसा अभ्यासात गोरे, आफ्रिकी वंशाचे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपण नव्हतो. ही उणीव भरायला 2010 पासून अमेरिकेत ‘मसाला’ नावाचा दक्षिण आशियाई लोकांचा अभ्यास सुरू झाला. पण तिथे स्थायिक झालेला माणूस वेगळा, आणि तासगावच्या द्राक्षबागेत औषध फवारणारा, जतच्या दुष्काळी गावात बालपणी अर्धपोटी राहून पुढे बागायतीत आलेला माणूस वेगळा. लहानपणीची उपासमार आणि मोठेपणीची सुबत्ता एकाच देहात आली तर यकृत कसले कण बनवते? फवारणीच्या औषधांचा त्यात हात आहे का? ऊसतोडीला येणाऱ्या बायका, ज्यांचे रक्त कुणीच तपासत नाही, त्यांच्यात काय दिसते? याची उत्तरे बर्कलीतून येणार नाहीत. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आजूबाजूला पाच पिढ्यांची वैद्यकीय परंपरा आहे. काही गावे निवडून तिथल्या माणसांचा वीस वर्षे माग ठेवला, रक्ताचे नमुने खोल गोठवून जपले, तर पुढे जेल, एनएमआर, जे हवे ते त्यावर लावता येईल. अशा अभ्यासाचे उद्घाटन करणाऱ्याच्या हयातीत निकाल लागत नाही, म्हणून आपल्याकडे तो सुरूच होत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते आणि ते बिनबुडाचे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, बीपीच्या गोळ्या महिनाअखेरीस संपलेल्या, तिथे अपो-बी कुठले घेऊन बसलात? गोळ्या आधी, हे मला मान्य आहे. पण मी सरसकट सगळ्यांची अपो-बी तपासणी मागत नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आधीच सापडलेल्यांना लिपिड प्रोफाइल आणि त्यावर नॉन-एचडीएल द्या. ज्यांचे ट्रायग्लिसराइड 200 च्या वर आहे त्यांचाच नमुना अपो-बीसाठी सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेला पाठवा. स्टॅटिन ही महाग गोळी नाही, ॲटोरव्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. कुणाला ती द्यायची हे चुकते, आणि ‘एलडीएल बरे आहे’ म्हणून ज्यांना घरी पाठवले जाते त्यांच्यातलेच काही जण पुढे अँजिओप्लास्टीच्या टेबलावर येतात. तो खर्च सरकारच करते.

जिल्हा नियोजन समितीत सिव्हिलच्या यंत्रसामग्रीवर चर्चा होते आणि नव्या यंत्रासाठी निधी मिळाला की फोटोही निघतात. या मागणीत नवे यंत्र नाही. असलेल्या ऑटोॲनालायझरसाठी अपो-बी आणि लिपोप्रोटीन-ए यांची रिएजंट किट, त्यांची गुणवत्ता वेळोवेळी पडताळणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि रिपोर्टच्या छापील नमुन्यात एक जास्तीची ओळ, एवढेच आहे. लोकप्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडून त्याचा खर्च लेखी मागवून जाहीर करावा.